छातीच्या परीक्षेची परिभाषा : परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

रुग्णालयात रुग्णाच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत अधिक काळ जी व्यक्ती असते, ती परिचारिका होय. डॉक्टर फेरीच्या वेळी येतात व पुढील रुग्णाकडे जातात. परिचारिका मात्र पाळीपाळीने रात्रंदिवस रुग्णाजवळ असते. हृदय आणि फुप्फुसे ह्यांच्या विकारांत रुग्णाची स्थिती कित्येकदा काही मिनिटांत पालटते, आणि तो पालट प्रथम तिच्याच डोळ्यांना व कानांना जाणवतो. परंतु जे जाणवले ते तिच्याजवळच राहिले, तर रुग्णाला त्याचा काहीच लाभ नाही. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डॉक्टरांना आणि पुढच्या पाळीवर येणाऱ्या सहकाऱ्यांना ते जसेच्या तसे कळले पाहिजे. हे काम शास्त्रीय संज्ञा करतात.

म्हणून संज्ञा पाठ करण्यापूर्वी एक नियम मनात पक्का करावा. परीक्षेची संज्ञा आपण काय पाहिले, काय ऐकले, काय हाताला लागले, एवढेच सांगते. रोग कोणता, हे सांगत नाही. ‘न्यूमोनिया वाटतो’ हा तर्क झाला. ‘उजव्या फुप्फुसाच्या तळाशी तडतड ऐकू येते’ ही नोंद झाली. तर्क चुकू शकतो आणि चुकला तर पुढच्या माणसाचीही दिशाभूल करतो. नोंद मात्र खरी असेल, तर निदान बदलले तरी तिचे मोल कमी होत नाही.

लक्षण आणि चिन्ह

रुग्ण स्वतः जे सांगतो ते लक्षण, आणि परीक्षकाला जे आढळते ते चिन्ह. ‘धाप लागते’ हे लक्षण आहे. ‘श्वसन मिनिटास ३०’ हे चिन्ह आहे. दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये.

आपल्या भाषेत छातीच्या तक्रारींना शब्दांची वाण नाही. धाप लागणे, दम लागणे, श्वास कोंडणे, छातीत धडधडणे, छाती भरून येणे, जीव घाबरा होणे, असे अनेक प्रयोग रुग्णाच्या तोंडी येतात. त्यांतील प्रत्येकाचा अर्थ प्रत्येक वेळी एकच असतो असे नाही. ‘दम आहे’ असे म्हणणाऱ्याला चालताना धाप लागते असे सांगावयाचे असेल, किंवा आपल्याला पूर्वीपासून दमा आहे असेही सांगावयाचे असेल. अशा वेळी घाईने एखादी इंग्रजी संज्ञा लिहून टाकू नये. रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत तसेच लिहावेत आणि मग विचारावे : केव्हा लागतो, किती पावले चालल्यावर लागतो, निजल्यावर वाढतो काय, उठून बसल्यावर कमी होतो काय?

ह्या उत्तरांवरून योग्य संज्ञा ठरते. श्वास घेण्यास त्रास होणे ह्याला डिस्प्निया म्हणतात. सपाट निजल्यावर होणारा व उठून बसल्यावर उणावणारा त्रास तो ऑर्थोप्निया. झोप लागल्यानंतर एकदोन तासांनी श्वास कोंडून जागे होणे, हा रात्रीचा आवेगी डिस्प्निया होय. शेवटचे दोन प्रकार हृदयाच्या डाव्या भागाची शक्ती कमी पडू लागल्याची सूचना असू शकतात. म्हणून रुग्ण किती उशा घेऊन निजतो, ह्या साध्या प्रश्नालाही महत्त्व आहे.

ही नावे ग्रीक भाषेतून आली आहेत व त्यांची घडण एकदा समजली की ती अवघड वाटत नाहीत. ‘प्निया’ म्हणजे श्वसन. ‘टॅकि’ म्हणजे जलद, म्हणून टॅकिप्निया म्हणजे जलद श्वसन. ‘ब्रॅडि’ म्हणजे मंद, म्हणून ब्रॅडिप्निया. ग्रीक ‘डिस्’ हा उपसर्ग आपल्या ‘दुस्’ ह्या उपसर्गाचा सगोत्र आहे, आणि ॲप्निया ह्या शब्दातील ‘अ’ हा अभावदर्शक ‘अ’ आपल्याही परिचयाचा आहे. ॲप्निया म्हणजे श्वसनाचा अभाव, श्वास थांबणे. हेच उपसर्ग हृदयाच्या गतीलाही लागतात : टॅकिकार्डिया आणि ब्रॅडिकार्डिया.

परीक्षेच्या चार पायऱ्या

निरीक्षण, स्पर्शन, ताडन आणि श्रवण ह्या चार रीतींनी छातीची परीक्षा करतात. क्रम बहुधा हाच ठेवावा. नळी कानाला लावण्याची घाई करणारा विद्यार्थी निम्मी माहिती गमावून बसतो.

निरीक्षणात प्रथम श्वसनाची गती मोजावी. निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. गती पूर्ण एक मिनिट मोजावी, आणि आपण ती मोजत आहोत हे शक्यतो रुग्णाला जाणवू देऊ नये. कारण लक्ष गेले की श्वास बदलतो. नाडीवर बोटे तशीच ठेवून छातीकडे पाहत राहणे ही जुनी व चांगली युक्ती आहे. लहान मुलांत ही मोजणी जीव वाचविणारी ठरते. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बालकात जलद श्वसन कशास म्हणावे, ह्याच्या जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या मर्यादा अशा : दोन महिन्यांहून लहान अर्भकात मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने पूर्ण झाल्यापासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. मूल शांत असताना मोजावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तेही लिहावे.

गतीनंतर लय पाहावी. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होत होत काही क्षण थांबतो, व पुन्हा तेच चक्र सुरू होते. ह्या लयीला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. डब्लिन येथील जॉन चेन ह्यांनी १८१८ मध्ये व विल्यम स्टोक्स ह्यांनी १८५४ मध्ये तिचे वर्णन केले. सतत खोल व कष्टाचे असे जे श्वसन मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत आढळते, त्याला १८७४ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या जर्मन वैद्याच्या नावावरून कुसमाउल श्वसन म्हणतात.

त्वचेचा निळेपणा म्हणजे सायनोसिस. तो केवळ बोटांच्या टोकांना असेल तर परिघीय, आणि जीभ व ओठांची आतली बाजू निळी असेल तर केंद्रीय म्हणावा. सावळ्या वर्णाच्या व्यक्तीत जिभेकडे पाहणे अधिक विश्वसनीय असते. येथे एक सावधगिरी हवी. रक्तातील प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन एका मर्यादेपलीकडे वाढल्यावरच निळेपणा दिसतो. ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच थोडे आहे, त्या पंडुरोगी रुग्णात प्राणवायू फार घटला तरी निळेपणा दिसेलच असे नाही. आपल्या देशात पंडुरोग किती आढळतो हे ध्यानात घेता, ‘निळेपणा नाही’ ह्या नोंदीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

ह्याकरिताच आज बोटाला लावावयाचा पल्स ऑक्सिमीटर जवळ असतो. त्यामागील तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ मध्ये मांडले. ह्या उपकरणाचा आकडा लिहिताना रुग्ण साध्या हवेत आहे की त्याला प्राणवायू दिला जात आहे, हे लिहिलेच पाहिजे. त्यावाचून आकड्याला अर्थ नाही. बोटे गार असली किंवा नखांना रंग असला तर आकडा चुकू शकतो. धुराने गुदमरलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइडमुळे तो फसवा चांगला दिसतो, आणि गडद वर्णाच्या त्वचेत वास्तवाहून किंचित अधिक दाखविण्याकडे त्याचा कल असतो.

स्पर्शनात छातीच्या दोन्ही बाजू श्वासाबरोबर सारख्या फुगतात काय, हे तळहात ठेवून पाहतात. ताडनात एका हाताचे मधले बोट छातीवर सपाट ठेवून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकतात. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, त्यातलाच हा प्रकार आहे. व्हिएन्ना येथील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर ह्यांनी १७६१ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. ते एका खानावळवाल्याचे पुत्र होते, आणि मद्याची पिंपे ठोकून किती भरली आहेत हे पाहण्याच्या रिवाजावरून त्यांना ती सुचली, असे सांगतात. हवा भरलेल्या फुप्फुसावर नाद घुमतो, त्यास अनुनादी म्हणावे. फुप्फुस घट्ट झाले असेल तर नाद मंद होतो. फुप्फुसाभोवती पाणी साचले असेल तर तो दगडावर ठोकल्यासारखा अगदी बद्द येतो. फुप्फुसावरणाच्या पोकळीत हवा शिरली असेल तर तो नेहमीपेक्षा अधिक घुमतो.

फुप्फुसांचे ध्वनी व एका शब्दाचा घोटाळा

पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ मध्ये रने लाएनेक ह्यांनी कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाला लावले. त्यातून पुढे लाकडी नळी व मग आजचा स्टेथॉस्कोप झाला. लाएनेक ह्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये प्रसिद्ध झाला. छातीत ऐकू येणाऱ्या अधिक ध्वनींना त्यांनी फ्रेंच भाषेत ‘राल’ असे एकच नाव दिले व त्याला निरनिराळी विशेषणे लावली. परंतु बोलभाषेत त्याच शब्दाचा अर्थ मरणोन्मुख माणसाच्या घशातील घरघर असाही होता. रुग्णाने तो ऐकून भयभीत होऊ नये म्हणून त्याच्यासमोर ते ‘राँकस’ हा लॅटिन शब्द वापरीत. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता.

ग्रंथ इतर भाषांत गेला आणि शब्दांची ताटातूट झाली. पुढच्या वैद्यांनी ‘राल’ एका जातीच्या ध्वनीला आणि ‘राँकस’ दुसऱ्या जातीच्या ध्वनीला लावला. कोणी ओले राल व कोरडे राल असे भेद केले. एकाच ध्वनीला दोन रुग्णालयांत दोन नावे पडली. अशा स्थितीत सायंकाळच्या नोंदीतील ‘राल’ आणि सकाळच्या नोंदीतील ‘राँकस’ पाहून रुग्ण पालटला की केवळ लिहिणारा पालटला, हे कसे कळावे? १९५७ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात रॉबर्टसन व कूप ह्यांनी ध्वनींचे सरळ दोन वर्ग सुचविले : अखंड व खंडित. १९७७ मध्ये अमेरिकेतील वक्षविकार संस्थेने आणि २०१६ मध्ये युरोपीय श्वसनविज्ञान संस्थेने साध्या, वर्णनात्मक नावांचाच पुरस्कार केला. आज विद्यार्थ्याने पुढील नावे शिकावीत.

प्रथम नैसर्गिक ध्वनी. छातीच्या बहुतेक भागावर मृदू, वाऱ्याच्या झुळुकीसारखा ध्वनी ऐकू येतो व तो श्वास घेताना अधिक काळ टिकतो. ह्याला व्हेसिक्युलर ध्वनी म्हणतात. श्वासनालावर कर्कश, पोकळ व श्वास सोडताना अधिक लांबणारा ध्वनी असतो. तो ब्रॉन्कियल ध्वनी. हा दुसरा ध्वनी छातीच्या कडेला किंवा तळाशी ऐकू आला, तर खालचे फुप्फुस घट्ट झाले असावे अशी शंका येते.

आता अधिक ध्वनी. क्रॅकल म्हणजे तडतड. हा खंडित ध्वनी आहे. बारीक तडतडीला लाएनेक ह्यांनी तापलेल्या भांड्यातील मिठाची उपमा दिली होती. मिटलेल्या सूक्ष्म श्वासनलिका श्वासाबरोबर एकाएकी उघडतात तेव्हा ती उत्पन्न होते. ती बहुधा श्वास घेण्याच्या अखेरीस येते व खोकल्याने जात नाही. जाड तडतड मोठ्या नलिकांत उठते, श्वासाच्या आरंभी व सोडतानाही येते, आणि खोकल्यानंतर पुष्कळदा बदलते. म्हणून रुग्णाला खोकण्यास सांगून पुन्हा ऐकावे व दोन्ही वेळचे लिहावे.

व्हीझ म्हणजे शीळ. हा अखंड व सुरेल ध्वनी अरुंद झालेल्या नलिकेच्या भिंती कंप पावून निघतो. तो खालच्या पट्टीतला, घोरण्यासारखा असेल तर त्यास राँकस म्हणतात. आज ह्या शब्दाला एवढाच अर्थ उरला आहे. दम्याच्या तीव्र आवेगात शीळ एकाएकी थांबली तर हायसे वाटून घेऊ नये. रुग्ण थकत चालला असेल, छातीत हवाच जात नसेल, तर शीळही उत्पन्न होत नाही. ‘व्हीझ नाही’ आणि ‘श्वासाचा ध्वनीच नाही’ ह्या दोन नोंदींत जीवनमरणाचे अंतर आहे.

स्ट्रायडर हा श्वास घेताना होणारा कर्कश आवाज मानेवर सर्वांत मोठा ऐकू येतो. वरचा श्वासमार्ग अडल्याचे ते चिन्ह असते व ते ऐकताच मदत बोलावावी. फुप्फुसावरणाचे घर्षण नव्या चामड्याच्या करकरीसारखे असते आणि श्वास रोखला की थांबते. श्वास रोखूनही करकर हृदयाच्या ठोक्याबरोबर चालूच राहिली, तर ती हृदयावरणाची समजावी.

हृदयाचे ध्वनी

जागा नेमकी सांगता यावी म्हणून प्रथम बरगड्या मोजण्यास शिकावे. उरोस्थीच्या वरच्या भागावर बोट खाली सरकविले असता एक उंचवटा लागतो. त्याच्या पातळीत दुसरी बरगडी असते. तिच्या खालची जागा ती दुसरी आंतरपर्शुकीय जागा. उरोस्थीच्या उजवीकडे ह्या जागेत महारोहिणीच्या झडपेचा ध्वनी, डावीकडे फुप्फुस-रोहिणीच्या झडपेचा, उरोस्थीच्या डाव्या कडेच्या खालच्या भागावर त्रिदली झडपेचा, आणि डावीकडे पाचव्या जागेत गळ्याच्या हाडाच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेषेवर द्विदली झडपेचा ध्वनी उत्तम ऐकू येतो. ह्या शेवटच्या स्थानाला हृदयाग्र म्हणतात.

‘लब्-डप्’ ह्या जोडीतील पहिला ध्वनी द्विदली व त्रिदली झडपा मिटताना होतो आणि तेथून निलयांचे आकुंचन सुरू होते. दुसरा ध्वनी दोन्ही रोहिण्यांच्या झडपा मिटताना होतो व प्रसरणास आरंभ होतो. दुसऱ्यानंतर लगेच येणारा मंद तिसरा ध्वनी मुलांत व तरुणांत स्वाभाविक असू शकतो. उतारवयात तो हृदय दुर्बल झाल्याची सूचना ठरतो. पहिल्याच्या किंचित आधी येणारा तो चौथा. हे दोन्ही ध्वनी खालच्या पट्टीतले असल्याने स्टेथॉस्कोपचा घंटेसारखा भाग हलकेच टेकवून ऐकावेत. वरच्या पट्टीच्या ध्वनींसाठी पडद्याचा भाग दाबून धरावा.

ध्वनींच्या मधल्या काळात येणाऱ्या लांब आवाजाला मर्मर म्हणतात. पानांच्या सळसळीसाठी हाच शब्द संस्कृतातही आहे. मर्मराची नोंद करताना तो आकुंचनात आहे की प्रसरणात, कोठे सर्वांत मोठा आहे, कोणत्या बाजूस पसरतो व किती मोठा आहे, हे लिहावे. मोठेपणासाठी सॅम्युअल लेव्हाइन ह्यांच्या १९३३ मधील कामावर आधारलेली सहा पायऱ्यांची श्रेणी वापरतात. चौथ्या पायरीपासून छातीवर हाताला कंपही जाणवतो, त्याला थ्रिल म्हणतात. बालपणी घशाच्या संसर्गामागून येणारा संधिवाती ज्वर झडपा जायबंदी करतो, आणि त्याचे परिणाम भारतात आजही पाहावयास मिळतात. अरुंद झालेल्या द्विदली झडपेचा मर्मर प्रसरणकाळातला व घोगरा असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, घंटेचा भाग हृदयाग्रावर टेकविल्याखेरीज तो सहज निसटतो.

अशा रुग्णांत नाडी अगदी अनियमित होऊ शकते. तेव्हा एकाने हृदयाग्रावर ठोके मोजावेत व त्याच मिनिटात दुसऱ्याने मनगटावर नाडी मोजावी. हृदयाग्रावर ११२ व मनगटावर ८८ भरले, तर २४ ही नाडीची तूट होय. काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. केवळ मनगट पाहणाऱ्याने ‘नाडी ८८’ असे लिहिले असते आणि हृदयाची खरी धावपळ कोणालाच कळली नसती.

नोंद कशी लिहावी

समजा, रात्रपाळीच्या एका नोंदीत एवढेच लिहिले आहे : ‘रुग्ण अस्वस्थ. छातीत आवाज. लक्ष ठेवले आहे.’ ह्यात असत्य काही नाही, पण डॉक्टरांनी निघून यावे की सकाळपर्यंत थांबावे, हे ह्यावरून ठरविता येत नाही. त्याच रुग्णाची दुसरी नोंद पाहा :

‘रात्री २ वा. १० मि. झोपेतून उठून बसला; “आडवे झाले की श्वास कोंडतो” असे म्हणतो. श्वसन मिनिटास ३२, मानेचे स्नायू वापरतो. नाडी ११८, नियमित. रक्तदाब १६८/९८. साध्या हवेत प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्के. पाठीमागे दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक तडतड, श्वास घेण्याच्या अखेरीस, खोकल्यानंतरही कायम. सायंकाळी ६ वाजता हे ध्वनी नव्हते. रुग्णास ताठ बसविले. २ वा. १५ मि. डॉक्टरांना कळविले.’

ह्या नोंदीत रोगाचे नाव कोठेही नाही. तरीही वाचणाऱ्याला रुग्ण डोळ्यांसमोर दिसतो आणि विलंब करून चालणार नाही हेही समजते. वेळ, रुग्णाचे शब्द, आकडे, ध्वनीची जात, जागा, श्वासाचा कोणता भाग, पूर्वीच्या स्थितीशी तुलना आणि केलेली कृती, ह्या क्रमाने लिहिण्याची सवय ठेवावी. एखाद्या ध्वनीचे नाव आठवले नाही, तर तो कसा ऐकू आला ते साध्या मराठीत लिहावे. चुकीच्या संज्ञेपेक्षा बरोबर वर्णन केव्हाही श्रेयस्कर असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘धाप लागते’ आणि ‘श्वसन मिनिटास ३०’ ह्यांतील लक्षण कोणते व चिन्ह कोणते? कारण सांगा.
२. दहा महिन्यांच्या, खोकला असलेल्या बालकाचे श्वसन शांत स्थितीत मिनिटास ५४ भरले. ते जलद म्हणावे काय?
३. पंडुरोगी रुग्णात निळेपणाचा अभाव का फसवा ठरू शकतो?
४. रुग्णाने श्वास रोखल्यावर करकर थांबली. ती कोठली असावी?
५. आपल्या वर्गसोबत्याच्या हृदयाचे ठोके व मनगटाची नाडी एकाच मिनिटात दोघांनी मोजा. तूट किती येते व निरोगी व्यक्तीत ती किती असावी?